काम पूर्ण झाले म्हणजे नदी जगली काय?

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



कापसाची शेवटची वेचणी आणि ज्वारीची काढणी यांच्या मधल्या चार दिवसांत तुम्ही सभेला आलात. घरी काम पडले आहे हे आम्हाला ठाऊक आहे. म्हणून विषयालाच हात घालतो.

आज सभेपुढे एक ठराव आहे. पश्चिमेकडे समुद्राला जाणारे पाणी घाट चढवून गोदावरीच्या खोऱ्यात आणावे, असा तो ठराव. आमचा त्याला विरोध नाही. ज्याच्या घागरीत पाणी नाही त्याने पाणी मागू नये असे कोण म्हणेल? पण या ठरावाला आणखी एक कलम जोडल्याशिवाय तो पास करू नये, एवढे सांगायला आम्ही उभे आहोत. ते कलम असे : नदीचे खोरे दुरुस्त करण्यासाठी सरकार जी मदत देते ती काम पूर्ण झाल्याचा दाखला निघाला की बंद होते, ती तशी बंद न करता पुढे किमान दहा वर्षे चालू ठेवावी.

हे कलम आमच्या डोक्यात घरी बसून आले नाही. उल्हास, वैतरणा, दमणगंगा ही नावे आपण गेली काही वर्षे प्रत्येक भाषणात ऐकतो. ज्या नदीचे पाणी मागायचे ती नदी एकदा डोळ्यांनी बघावी, म्हणून आमच्यापैकी काही जण पालघर जिल्ह्यात जाऊन आलो. वैतरणा जिथे समुद्राला मिळते त्या वसई-विरारपासून सुरुवात केली आणि नदीच्या काठाने उलटे वर चढत गेलो. जे पाहिले ते सांगतो.

एका डोंगराच्या दोन लेकी

आपली गोदावरी त्र्यंबकच्या डोंगरात उगवते. वैतरणाही त्याच डोंगरात उगवते. एक पूर्वेला उतरली, तिने मराठवाडा गाठला. दुसरी पश्चिमेला उतरली आणि मोखाडा, वाडा या भागांतून जाऊन अर्नाळ्याच्या उत्तरेला खाडीत शिरली. वाटेत पिंजाळ, सूर्या, तानसा तिला मिळतात. तिकडे पाऊस आपल्या तिपटीने पडतो. आपल्याकडे सातशे मिलीमीटर पडला तर बरे वर्ष म्हणतो. तिकडे दोन हजाराच्या पुढे जातो.

असे असताना त्या खोऱ्यात पाण्याची ददात नसेल असे तुम्हाला वाटेल. आम्हालाही वाटले होते.

इंग्रजांनी १८९२ साली तानसा धरण बांधले, मुंबईसाठी. स्वातंत्र्यानंतर १९५७ साली मोडकसागर झाले, मुंबईसाठी. १९७३ साली ऊर्ध्व वैतरणा झाले, तेही मुख्यत्वे मुंबईसाठी. २०१० नंतर मध्य वैतरणा झाले. मुंबईला पाणी देणारे सात तलाव आहेत. त्यांतले हे चार एकट्या वैतरणेच्या खोऱ्यातले. मुंबईला दररोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी लागते. आणि ज्या शहापूर-मोखाड्याच्या डोंगरात हे पाणी अडवले आहे, तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर जातो. धरणाची भिंत दिसते, पाणी दिसते, आणि बाई डोक्यावर हंडा घेऊन दरीत उतरते. जलवाहिनी तिच्या अंगणावरून मुंबईला गेलेली असते.

सूर्या नदीची गोष्ट तर शेतकऱ्याने मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. धामणीचे धरण डहाणू, पालघर, विक्रमगड भागातल्या आदिवासींच्या शेतीसाठी म्हणून बांधले. सुमारे १४ हजार हेक्टर भिजवायचे कागदावर ठरले. पुढे वसई-विरार आणि मीरा-भाईंदर ही शहरे फुगली. त्यांच्यासाठी दिवसाला ४० कोटी ३० लाख लिटरची योजना आखली गेली. त्यातले साडेअठरा कोटी लिटर वसई-विरारचे. हे पाणी २०२३ पासून वसई-विरारला येऊ लागले. आदिवासी शेतकऱ्यांनी आंदोलने केली, अर्जविनंत्या केल्या. शेतीचे पाणी शहराला गेले ते गेलेच.

आता याच खोऱ्याचे पाणी आपल्यालाही द्यायचे आश्वासन आहे. मुंबई मागते, वसई मागते, आपण मागतो. पण नदीला कोणी विचारत नाही की बाई, तुझी काय अवस्था आहे?

वसईची विहीर

वसई म्हटले की आपल्याला चिमाजी आप्पांचा किल्ला आठवतो. शेतकऱ्याच्या दृष्टीने वसई म्हणजे केळीच्या बागा, पानवेली, फुले, भाजीपाला. तिथली सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, नावाजलेली होती. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गोड पाण्याच्या विहिरी आणि विहिरीवर रहाट. वाडीच्या कडेला एक खोल तळे असे, त्याला तिकडे बावखल म्हणतात. पावसाळ्यात बावखल भरायचे, ते हळूहळू जमिनीत मुरायचे आणि शेजारची विहीर उन्हाळाभर जिवंत राहायची. तिथल्या शेतकऱ्याने कोणत्याही विद्यापीठात न जाता पिढ्यानपिढ्या चालवलेली ही पाझर तलावाची योजना होती. तिला सरकारी अनुदान नव्हते. दरवर्षी शेतकरीच गाळ काढायचा आणि तो केळीच्या बुडाशी टाकायचा.

समुद्राच्या काठी गोड पाणी टिकते कसे, हे नीट समजून घ्या. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड. पावसाचे मुरलेले गोडे पाणी जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर तरंगते. आमच्या शास्त्रात याचा एक ठोकताळा आहे. समुद्राच्या पातळीपेक्षा गोड्या पाण्याची पातळी एक फूट वर असेल, तर तेवढ्या वजनाने खारे पाणी सुमारे चाळीस फूट खाली दाबलेले राहते. आता उलटा हिशेब करा. उपसा वाढून गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी चाळीस फूट वर चढू पाहते. एका फुटाची चूक आणि चाळीस फुटांची शिक्षा!

वसईत नेमके हेच झाले. १९८० नंतर मुंबईच्या आजूबाजूला इमारती उठू लागल्या. बांधकामाला पाणी, हॉटेलला पाणी, नव्या वसाहतींना पाणी. पश्चिमेच्या गावांतल्या विहिरींवर टँकर लागले. दिवसरात्र पंप चालू. एक गोष्ट लपवून चालणार नाही : टँकर भरून देणारे विहीरमालक शेतकरीच होते. केळीच्या घडाला भाव नाही आणि टँकरला रोख पैसे मिळतात, मग त्याने काय करावे? त्याला दोष देणे सोपे आहे. पण त्याचा पंप शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी ओढत होता आणि शेजाऱ्याला टँकरचा एक पैसाही मिळत नव्हता. पाणी खारट झाले ते मात्र दोघांचेही.

आपली कापूस आणि ज्वारी ही मीठ बऱ्यापैकी सोसणारी पिके आहेत. केळी आणि पानवेल सोसत नाहीत. पानांच्या कडा करपतात, घड भरत नाही. ज्याने आयुष्यभर केळी लावली त्याने काय लावायचे? शेवटी त्याने प्लॉट पाडले.

याविरुद्ध तिथले लोक उठले हेही सांगितले पाहिजे. हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो तिचे नेतृत्व करीत होते. हेच फादर २०२० साली आपल्या मराठवाड्यात, उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होऊन आले होते. २०२४ साली ते वारले. टँकर, बिल्डर आणि गुंडगिरी यांच्याविरुद्ध त्यांनी साधी माणसे रस्त्यावर आणली. त्या चळवळीमुळे वसईच्या पश्चिमेचा हिरवा पट्टा काही प्रमाणात तरी वाचला.

पण बाकीचे? बावखले बुजली. भातखाचरांवर आणि खाजणात भराव पडले. खाडीच्या तोंडाशी रेतीचा इतका उपसा झाला की वैतरणेवरच्या रेल्वे पुलाच्या सुरक्षेची चिंता करायची पाळी आली. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांच्या वर होती. आणि जुलै २०१८ मध्ये, उन्हाळ्यात पाण्यासाठी तडफडणारे हेच शहर पाण्यात बुडाले. रेल्वे बंद पडली, मिठागरात राहणारी माणसे अडकली. पाणी मुरायची जागा बुजवली की उन्हाळ्यात ते मिळत नाही आणि पावसाळ्यात ते घरात शिरते. दुष्काळ आणि पूर हे दोन वेगळे रोग नाहीत.

एका वाडीवर आम्ही एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला विचारले, “आता सूर्येचे पाणी नळाला आले ना? मग बरे झाले.” तो म्हणाला, “दादा, नळ आला, पण विहीर परत आली नाही. नळाच्या पाण्यावर केळी लावता येते काय?”

हे वाक्य आपण घरी घेऊन जाऊ या. दुरून पाणी आणले म्हणून जवळची नदी दुरुस्त होत नाही. उलट दुरून पाणी आले की जवळच्या नदीकडे बघायचे कारणच उरत नाही. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आले. माणसे जगली, चांगले झाले. पण त्या गाडीने मांजरा नदीच्या खोऱ्यात एक बांध तरी दुरुस्त झाला काय?

आमच्या हातून झालेली चूक

आता आपल्या शिवारात येऊ.

आमच्यातला जो बोलतो आहे तो शेतकी पदवीधर. पदवी घेतली तेव्हा वाटायचे की पाणलोटाचे काम म्हणजे गणित आहे. उतार मोजला, चर काढले, नाला बांधला, की पाणी मुरणारच. काही वर्षे अशा कामावर होतो. नियम स्पष्ट होता : माथ्यापासून सुरुवात करायची आणि पायथ्याला यायचे. आधी डोंगरावर चर, मग शेताचे बांध, मग नाल्यावरचे बंधारे. पण डोंगरमाथ्याचे काम हाताने करायचे, त्याला माणसे आणि वेळ लागतो. पायथ्याला मशीन जाते, खर्च पटकन पडतो, मार्चअखेर जवळ आलेला असतो. आम्ही खालून सुरुवात केली. माथा उघडाच राहिला.

पहिल्या मोठ्या पावसात डोंगराची माती सगळी बंधाऱ्यात आली. दुसऱ्या वर्षी बंधारा गाळाने भरला. तिसऱ्या वर्षी सांडव्याच्या बाजूने तो फुटला आणि खालच्या एका शेतकऱ्याची उभी ज्वारी वाहून गेली. तो आमच्याकडे आला. आम्ही वह्या काढल्या. काम पूर्ण झाल्याची नोंद होती, मोजमाप झाले होते, बिल निघाले होते, प्रकल्पाची मुदत संपली होती. दुरुस्तीला हेडच नाही, असे आम्ही त्याला सांगितले. हे खरे होते. आणि हे सांगताना आम्हाला जी लाज वाटली, त्या लाजेपोटी आम्ही ती नोकरी सोडून तुमच्यात आलो.

त्या दिवशी कळले की बांधाचे आयुष्य सरकारी वर्षात मोजता येत नाही. जनावराला कोणी पाच वर्षांचा चारा एकदम घालून निघून जात नाही. नदीचे तसेच आहे.

योजना किती आल्या?

योजना कमी आल्या असे नाही. १९७२ च्या दुष्काळात आपल्या बापांनी दुष्काळी कामावर खडी फोडली, पाझर तलाव बांधले. त्यातून रोजगार हमी उभी राहिली. १९८३ पासून सर्वंकष पाणलोट कार्यक्रम आला. १९९४ साली हनुमंतराव समितीने देशभरासाठी शिफारशी केल्या, १९९५ पासून त्यांवर कामे सुरू झाली, हेक्टरी ४ हजार रुपये. पुढे २००८ च्या सूचनांत हेक्टरी १२ हजार झाले. २०२१ नंतरच्या पंतप्रधान कृषी सिंचाई योजनेच्या पाणलोट घटकात सपाट प्रदेशासाठी २२ हजार झाले. या योजनेची मंजूर मुदत मार्च २०२६ पर्यंतची. एका प्रकल्पाला आयुष्य मिळते ते तीन ते पाच वर्षांचे.

आपल्या राज्याचे जलयुक्त शिवार डिसेंबर २०१४ मध्ये सुरू झाले, २०१९ च्या अखेरीस बंद झाले आणि २०२२-२३ पासून दुसरा टप्पा आला. पहिल्या टप्प्यावर ९,६३३ कोटी रुपये खर्च झाले. महालेखापालांचा अहवाल २०२० साली विधिमंडळात मांडला गेला. त्यात म्हटले आहे की पाण्याची गरज भागवण्यात आणि भूजल वाढवण्यात अभियानाला फारसे यश आले नाही, आणि कामांच्या देखभालीला निधीच दिला गेला नाही. त्याआधी अर्थतज्ज्ञ प्रा. एच. एम. देसरडा नाले वाटेल तसे खोल करण्याच्या प्रकाराविरुद्ध उच्च न्यायालयात गेले होते आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती.

एका सरकारने योजना आणली, दुसऱ्याने बंद केली, तिसऱ्याने पुन्हा आणली. प्रत्येकाला आपल्या नावाचा दगड बसवायचा असतो. जुन्या बंधाऱ्याच्या दुरुस्तीला दगड बसत नाही, फीत कापता येत नाही. म्हणून दुरुस्तीला पैसा नाही. नव्या कामात मशीनचे भाडे आहे, डिझेल आहे, टक्केवारी आहे. जुन्या कामाच्या देखभालीत फक्त चार माणसे, फावडे आणि घमेले.

गंमत अशी की १९९५ च्या नियमांत देखभालीची सोय होती. खाजगी जमिनीवरच्या कामाचा दहा टक्के वाटा गावाने द्यायचा आणि तो पाणलोट विकास निधी म्हणून देखभालीसाठी बँकेत ठेवायचा. आज आम्ही सभेला विचारतो : आपल्यापैकी किती गावांत त्या निधीचे पासबुक कोणी पाहिले आहे? हात वर करा. (सभेत मोजके हात वर.) बघा.

जिथे नंतरची काळजी घेतली गेली तिथले चित्र वेगळे आहे. जालना जिल्ह्यातले कडवंची आपल्याला दूर नाही. इंडो-जर्मन कार्यक्रमात तिथे माथ्यापासून पायथ्यापर्यंत काम झाले, आणि गावाने ते टिकवले. पुरंदरच्या नायगावला १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तिथे पाणी जमिनीवर न देता माणशी दिले, माणशी अर्ध्या एकराचे, भूमिहीनालाही हक्क आणि उसाला मनाई. गावात माणसे वेगळी होती असे नाही. पाण्याचे नियम वेगळे होते आणि ते काम संपल्यावरही पाळले गेले.

ही भीक आहे काय?

इथे तुमच्यातला कोणी तरी विचारील, आणि त्याने विचारलेच पाहिजे : आपण सरकारच्या दारात हात पसरणारे नाही. सूट-सबसिडीने शेतकरी उभा राहत नाही असे आपण वर्षानुवर्षे बोलतो. मग आज दहा वर्षे मदत वाढवून द्या असे कसे म्हणता?

याचे उत्तर हिशेबाने देतो. एका हेक्टरावर एक मिलीमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. आपल्या शेतात बांध धड असतील आणि त्यामुळे पावसाचे शंभर मिलीमीटर जास्त अडले, तर ते दहा लाख लिटर झाले. त्यातले काही पीक पिते, काही हवेत उडते, उरलेले खाली मुरते आणि नदीला, विहिरीला जाते. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर द्यायचे असा मापदंड आहे. खेड्यातल्या माणसाला जलजीवन योजनेत ५५ लिटर. १३५ लिटरच्या हिशेबाने दहा लाख लिटर म्हणजे वीस शहरी माणसांचे वर्षभराचे पाणी. एवढे पाणी एका हेक्टराच्या बांधावर अडते. तो बांध कोण राखतो? कोरडवाहू शेतकरी. बांधाखाली त्याची जमीन जाते. त्याला त्याबद्दल काय मिळते? काहीही नाही.

माल दिला की दाम मागायचे हा आपला हक्क आहे. पाणी अडवणे आणि माती धरून ठेवणे हेही आपले उत्पादन आहे, फक्त त्याला बाजार नाही. म्हणून आम्ही याला मदत म्हणत नाही, कामाचे दाम म्हणतो.

आणि पैसा नाही असे कोणी सांगू नये. मुंबईच्या रोजच्या ३८५ कोटी लिटरवर हजार लिटरमागे फक्त एक रुपया खोऱ्याच्या नावाने बाजूला ठेवला, तर वर्षाला १४० कोटी रुपये होतात. वसई-विरारच्या सूर्येच्या साडेअठरा कोटी लिटरवर तोच रुपया लावला तर पावणेसात कोटी. त्यात मोखाड्याच्या डोंगरातले चर राखता येतील, पाड्यांच्या विहिरी दुरुस्त होतील आणि वसईची बुजलेली बावखले पुन्हा खोदता येतील. आपल्या खोऱ्यात जायकवाडीवर तहान भागवणारी शहरे आणि उद्योग आहेत. त्यांनाही हाच नियम.

ठरावाला जोडायचे कलम

तेव्हा आमचे म्हणणे चार मुद्द्यांत मांडतो.

पहिला मुद्दा मुदतीचा. पाणलोटाचे काम पूर्ण झाल्यावर पुढे दहा वर्षे, दरवर्षी, मूळ खर्चाच्या पाच टक्के रक्कम देखभालीला मिळावी. हेक्टरी २२ हजार खर्च झाला असेल तर वर्षाला हेक्टरी ११०० रुपये. हजार हेक्टरांच्या गावाला वर्षाला ११ लाख. ती नव्या कामाला वापरता येणार नाही. गाळ काढणे, सांडवा बांधणे, चर साफ करणे, माथ्यावर गवत-झाडे राखणे एवढ्यालाच.

दुसरा मुद्दा खोऱ्याचा. योजना गाव निवडते, तालुका निवडते. पाणी तालुक्याची हद्द पाहत नाही. उगमापासून मुखापर्यंत एका नदीचा एक हिशेब असावा. खोऱ्यात वरच्याने आणि खालच्याने पाणी वाटून घ्यावे हे तत्त्व २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आले आहे. त्याच्याच आधाराने जायकवाडीला वरच्या धरणांतून पाणी सोडावे लागते. पाण्याच्या वाटपाला जे तत्त्व लावले ते दुरुस्तीच्या पैशालाही लावा.

तिसरा मुद्दा, पैसा कोणी द्यायचा. जो पितो त्याने द्यावा. शहराच्या पाणीपट्टीतून आणि कारखान्यांच्या पाण्याच्या दरातून ठरलेला वाटा ज्या गावांच्या डोंगरातून पाणी येते त्यांच्या ग्रामसभेच्या खात्यावर थेट जावा.

चौथा मुद्दा मोजमापाचा. किती चर खोदले, किती घनमीटर गाळ काढला हे मोजून बिल काढणे बंद करा. मे महिन्यात विहिरीत किती फूट पाणी आहे ते मोजा. भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जागोजाग आहेत. त्यांचे आकडे दरवर्षी ग्रामसभेत वाचून दाखवा. पाणी वाढले नाही तर का वाढले नाही ते सांगायला अधिकाऱ्याने ग्रामसभेत यावे.

आपले आपण

सरकारला चार गोष्टी सांगितल्या, आता स्वतःला एक सांगू. वसईच्या टँकरला आपण हसू नये. आपल्याकडे टँकरचे काम बोअर करतो. एका हंगामात थोडे पाणी वाढले की शिवारात वीस नवे बोअर पडतात. दोनशे फुटांवर लागले नाही तर चारशे, तिथे नाही तर सहाशे. जालन्याच्या मोसंबीच्या बागा २०१२-१३ च्या दुष्काळात कशा वाळल्या ते आपण डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याला समुद्र नाही, पण खोल पाण्यातही विष असते. यवतमाळ-नांदेडच्या काही गावांत फ्लोराइडने माणसांची हाडे वाकली. शेजाऱ्याचे पाणी ओढण्याचा हक्क म्हणजे स्वातंत्र्य नव्हे. दहा वर्षांचे दाम सरकारकडे मागायचे असतील, तर बोअर किती आणि कुठे पाडायचे याचा नियम गावानेच बसून करावा लागेल. तो वरून लादला तर तलाठ्याला आणखी एक कुरण मिळेल.

आणि पश्चिमेचे पाणी? ते जरूर मागू. पण मागताना मोखाड्याच्या पाड्यावरच्या बाईचा हंडा आधी भरला पाहिजे, असेही त्याच ठरावात लिहू. तिच्या डोंगरातले पाणी तिला न विचारता मुंबईने नेले. आपणही तसेच नेले तर आपल्यात आणि मुंबईत फरक काय राहिला? शिवाय आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? वैतरणेचे खोरे उघडे पडले, तर घाटावर चढवायला पाणी तरी कुठले उरेल? आणि चढवलेले पाणी आले तरी ते गाळाने भरलेल्या, फुटक्या बंधाऱ्यांच्या शिवारात येऊन काय करील?

तेव्हा सभेला आमची विनंती अशी. ठराव पास करताना हे कलम जोडावे. आणि पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक कागद आणावा. गावात आजवर किती बंधारे, पाझर तलाव, नालाबांध झाले. त्यांतले किती धड आहेत, किती गाळाने भरले, किती फुटले. कोणत्या योजनेत, कोणत्या वर्षी झाले. आणि या मे महिन्यात दहा विहिरींना किती फूट पाणी होते. शाळेतल्या मुलांनाही हे मोजता येईल. दोरी, दगड आणि वही एवढेच लागते.

हे कागद जिल्ह्याच्या सगळ्या गावांतून जमले, तर मंत्रालयात जाताना आपल्या हातात नुसती मागणी राहणार नाही, हिशेब असेल. पावसाळ्याच्या आत हे झाले पाहिजे. पहिल्या पावसात आणखी किती बांध फुटतील ते आत्ताच सांगता येते, आणि त्यांतले निम्मे तरी चार माणसे, फावडे आणि घमेले घेऊन वाचवता येतील. तेवढे सरकारची वाट न पाहता येत्या रविवारपासून करू.